गाडी आणि कडी

शोभनाबाई गेल्या त्या कराडला, माघ महिन्यात, आपल्या घरी, कुणाची फारशी धावपळ न करता. त्यांचा आवाज गेला तो मात्र पुढं दीड वर्षानं, जर्मनीत, येना गावी, एका रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा समोर असताना. आणि तो घालवला प्रत्यक्ष व्याह्यांनी.

झालं असं, की अण्णा शेटे तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे, हृषिकेशकडे आले होते. सून अपूर्वाचे वडील रमेशराव हेही पुण्याहून त्याच सुमारास लेकीकडे आलेले. दोन व्याही, एक फ्लॅट, एक बाथरूम. अण्णा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, रमेशराव एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून. फरक एवढाच, की अण्णा निवृत्त झाल्यावर थांबले होते आणि रमेशराव थांबले नव्हते. आल्यापासून त्यांनी डिशवॉशर लावण्याची पद्धत बदलली होती, अपूर्वाच्या सायकलची चेन घट्ट केली होती (ती तिला नंतर दुकानात नेऊन सैल करून आणावी लागली) आणि आता त्यांचं लक्ष अण्णांच्या फोनकडे गेलं होतं.

"अण्णा, तुमचा फोन दमलाय हो. जागाच नाही त्यात. मी जरा हात फिरवून देतो."

त्या रविवारी त्यांनी हात फिरवला. "घ्या. पिसासारखा झाला बघा," म्हणून फोन परत दिला.

अण्णांना वजनात काही फरक वाटला नाही. त्यांनी नेहमीच्या जागी बोट लावलं. तिथं काही नव्हतं. तिथं एक निरोप असायचा. फार मोठा नव्हे. "अहो, येताना कोथिंबीर आणा. मागच्यासारखी म्हातारी जुडी नको, काड्या चघळायला मी काय शेळी आहे?" एवढाच. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून अण्णा तो एकदा ऐकत, फोन खिशात घालत आणि जेवायला येत. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. 

"यातला कोथिंबिरीचा निरोप कुठं आहे?" अण्णांनी विचारलं.

"कोथिंबीर? अहो, भाजीपाल्याचं सगळं जुनं होतं ते, मी..." रमेशराव म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हातातला चमचा बशीत ठेवला.

आता इथं वाचकांनी अण्णांची अडचण समजून घ्यायला हवी. मुलाला झापता येतं. भावाशी दहा वर्षं अबोला धरता येतो. ड्रायव्हरला मेमो देता येतो. पण व्याह्याला बोलायची सोय आपल्या समाजानं ठेवलेली नाही. व्याह्यानं घर पेटवलं तरी त्याला आधी चहा विचारावा लागतो.

"पोहे छान झालेत," अण्णा म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन बसले.

हृषिकेश लेन्सच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं दुपारभर खटपट केली. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, बॅकअपच नाहीये. मीच बंद ठेवला होता. डाटनशुट्स."

डाटनशुट्स म्हणजे आपली माहिती परक्याच्या हाती पडू न देणं. जर्मन माणूस देवाला एक वेळ विसरेल, याला विसरत नाही, आणि आपली मुलं तिथं राहून तशीच होतात. या डाटनशुट्समुळे शोभनाबाईंचा आवाज जगातल्या कुठल्याही चोराच्या हाती पडण्याचा धोका टळला होता. घरच्यांच्याही.

दुसरीकडे कुठं आवाज असेल म्हणावं, तर शोभनाबाई कॅमेरा समोर आला की गप्प. नाकासमोर बघत उभ्या राहायच्या, पासपोर्टला उभं राहतात तशा. हृषिकेशच्या लग्नाच्या व्हिडिओत त्या तासभर बोलताना दिसतात, पण वर सनई आहे.

मग सल्ले सुरू झाले. येनाच्या मराठी मंडळातला उत्कर्ष म्हणाला, काका, आता कॉम्प्युटर कुणाचाही आवाज बनवतो, काकूंनी काय म्हणायचं ते तुम्ही फक्त लिहून द्या. अण्णा म्हणाले, "माझं लिहिलेलं ती जिवंतपणी कधी बोलली नाही, आता कशाला बोलेल?" मंडळातल्याच मीनलताईंनी श्वासाचा व्यायाम सांगितला. कराडहून शेजाऱ्यांचा फोन आला, की काहीतरी मनात राहिलं असणार, त्याशिवाय असं होत नाही, आठवून बघा. आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर ओव्याच्या जातीच्या कुठल्याशा पाल्याचा चहा घेऊन आल्या. त्यांना आवाजाचं काही माहीत नव्हतं, त्या अण्णांच्या खोकल्यासाठी आल्या होत्या. अण्णा बाथरूममध्ये सारखे खोकतात, ते पाइपातून खाली ऐकू येतं आणि त्यांनी छातीच्या डॉक्टरांना दाखवावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

अण्णांच्या छातीला काही झालेलं नव्हतं. कराडच्या घरातल्या बाथरूमला आतून कडी नाही. कुणी दाराशी आलं की आतल्यानं खोकायचं, अशी त्या घराची वर्षानुवर्षांची रीत. येनाच्या बाथरूमला चांगलं फिरवायचं कुलूप होतं, पण सवय काही कुलूप बघून जात नाही.

या सगळ्यात कामाचं बोलली ती एकटी अन्वी. अण्णांची नात, वय नऊ. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. ती पावाला लोणी लावता लावता म्हणाली, "डेअर मान मिट डेम पुशेल."

"केसाळ गोंडेवाला माणूस," अपूर्वानं मराठी केलं. "कोण गं?"

आणि अण्णांना लख्ख आठवलं.

दोन वर्षांपूर्वी, शोभनाबाई असताना, सगळे मिळून सप्टेंबरात र्यूगेन बेटावर गेले होते. जर्मनीच्या पार वरच्या टोकाला समुद्रातलं बेट. तिथं शंभरावर वर्षं जुनी वाफेची छोटी गाडी चालते. बीच नावाच्या झाडांच्या जंगलात एका थांब्यावर ते गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक उंच गृहस्थ लांब काठीच्या टोकाला केसाळ गोंडा लावून उभे होते. तो गोंडा म्हणजे मायक्रोफोन आणि ते गृहस्थ इंजिनाचा आवाज टिपत होते, हे नंतर कळलं. कळलं ते असं, की गाडी येण्याच्या ऐन वेळी शोभनाबाई काहीतरी बोलल्या आणि ते गृहस्थ "रूहं!" म्हणून ओरडले. म्हणजे 'शांतता'. पुढचा सगळा दिवस शोभनाबाई त्याला 'रुईवाला' म्हणत होत्या.

"त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आई आहे," हृषिकेश सावकाश म्हणाला.

"त्यानं ते पुसलं नसेल तर," अण्णा म्हणाले.

रमेशरावांनी 'पुसलं' या शब्दावर पाण्याचा घोट घेतला.

जर्मनीत दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की ते मैत्री करत नाहीत, फेराईन काढतात. म्हणजे नोंदणीकृत मंडळ. वाफेच्या इंजिनांच्या आवाजाचंही एक मंडळ निघालं. अपूर्वानं मेल लिहिली. आठवड्यानं उत्तर आलं: डाटनशुट्समुळे सभासदाचं नाव किंवा पत्ता कळवता येत नाही, क्षमस्व. मात्र क्र्योगरसाहेब दर सप्टेंबरात त्याच चढावर त्याच इंजिनाचा आवाज टिपतात, हे सर्वश्रुत असल्यानं ते सांगायला हरकत नाही.

हृषिकेशला सुट्टी नव्हती, अपूर्वाचं काम अडलेलं. "मी एकटा जातो," अण्णा म्हणाले. "आयुष्य गाड्या सोडण्यात गेलं, मला काय गाडीचं?"

"मी येतो," रमेशराव म्हणाले. "भाषेचा प्रश्न येईल."

रमेशराव दोन महिने फोनवर जर्मन शिकत होते. त्यांना 'बदक पाणी पितं' म्हणता येत होतं, पण त्यांचा खरा भरवसा एका शब्दावर होता. गेनाऊ. म्हणजे 'बरोबर'. समोरचा काहीही बोलला की रमेशराव मान हलवून "गेनाऊ" म्हणत, आणि समोरच्याला वाटे की यांना सगळं कळतंय. रमेशरावांनाही तसंच वाटे.

अन्वीनं अण्णांना तीनच शब्द शिकवले. माइनं फ्राऊ. टोट. श्टिमं. माझी बायको, वारली, आवाज. अण्णा ट्राममध्ये ते घोकत स्टेशनवर आले.

"श्टिमंचा अर्थ मत असाही होतो हं," रमेशराव म्हणाले. "निवडणुकीतलं. त्याला वाटायचं तुम्ही बायकोच्या नावानं मतं मागताय."

अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. व्याही.

बेटावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. लॉजच्या बाईंनी हसून काहीतरी लांबलचक विचारलं. रमेशराव म्हणाले, "गेनाऊ." बाई आणखी हसल्या आणि त्यांनी वरची खोली उघडून दिली. आत एकच पलंग होता, त्यावर एकच भलंमोठं पांघरूण, दोन उशा आणि उशांवर बदामाच्या आकाराची चॉकलेटं.

दोघं दारात उभे राहिले.

"तुम्ही भिंतीकडून झोपा," रमेशराव म्हणाले.

"छे छे, तुम्ही वडीलधारे."

"मी कुठला? तुम्ही मुलाकडचे."

शेवटी मध्ये प्रवासी बॅगा ठेवून तोडगा निघाला. चॉकलेटं मात्र दोघांनी खाल्ली, टाकून द्यायची कशाला म्हणून.

दुसरा दिवस नुसता शोधण्यात गेला. ती छोटी गाडी बघून अण्णांचा जीव हरखला, हे सांगायला हवं. इंजिन एवढंसं, पण धूर मात्र मोठ्या घरच्यासारखा. डबे लाकडी बाकांचे, वळण आलं की मागच्या खिडकीतून पुढचं इंजिन दिसावं इतकी गाडी वाकायची. शेतं, मध्येच तळं, मध्येच समुद्राची निळी पट्टी, मग एकदम बीचचं जंगल आणि डब्यात हिरवा काळोख. गार्ड डब्याडब्यातून तिकिटं बघत यायची. अण्णांनी तिच्या कामाकडे जाणकारासारखं बघितलं आणि समाधानानं मान हलवली. रमेशरावांनी बॉयलरचा दाब समजावून सांगितला, समोरच्या बाकावरच्या जर्मन आजीबाईंनाही, इंग्रजीतून, खाणाखुणांसह.

पण जंगलातले थांबे सगळे सारखेच. एक बाक, एक पाटी, एक कचऱ्याचा डबा. प्रत्येक थांबा अण्णांना तोच वाटायचा आणि उतरून बघितलं की तो नसायचा. पाच वेळा उतरले, पाच वेळा चढले. पाचव्या वेळी गार्डबाईंनी दोघांना नुसता नमस्कार केला, दोन्ही हात जोडून.

यातले काही थांबे मागणीचे होते. उतरायचं तर गार्डला आधी सांगायचं, चढायचं तर थांब्यावर उभं राहून हात दाखवायचा. रमेशरावांनी पाटीवर फोन धरून हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णांना परदेशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. "म्हणजे आपलंच की. हात दाखवा, गाडी थांबवा. हे आपल्या एस.टी.कडून घेतलंय यांनी."

"त्यांचं जुनं असेल," रमेशराव म्हणाले.

"असेल. पण नाव आपण दिलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी गार्डबाई जवळ आल्या आणि त्यांनी रमेशरावांना काहीतरी विचारलं. बहुधा असं, की आज शेवटपर्यंत जाणार ना? रमेशराव म्हणाले, "गेनाऊ." बाई गेल्या. गाडी जंगलात शिरली, चढाला लागली, आणि एका मागणीच्या थांब्यावर न थांबता पुढं जाताना अण्णांना खिडकीतून दिसलं: बाक, पाटी, आणि पाटीशेजारी उंच माणूस, हातात काठी, टोकाला केसाळ गोंडा. तो इतक्या जवळून सरकला की अण्णांना त्याच्या टोपीवरचा बिल्ला दिसला.

"रुईवाला," अण्णा म्हणाले.

"थांबवा," रमेशराव म्हणाले, पण मराठीत.

पुढच्या थांब्यावर कुणी चढणारं होतं म्हणून गाडी थांबली, तिथं दोघं उतरले. उलट दिशेची गाडी थोड्या वेळात होती. अण्णांनी शर्ट आत खोचला, थांब्याच्या कडेला उभे राहिले आणि इंजिन दिसताच हात दाखवला. तो हात कसा होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या हातामुळे झालं. आपल्याकडे एस.टी.ला हात दाखवतात तो नुसता वर करत नाहीत. हात पुढं लांब करायचा, पंजा पालथा, आणि मनगटातून खाली-वर, खाली-वर. 'हळू घे, हळू घे, थांब.' तीस वर्षं अण्णांनी असे हात बघितले होते, आणि तसा हात करणाऱ्याला सोडून गेलेल्या ड्रायव्हरांना समोर उभं करून जाब विचारला होता.

इंजिन ड्रायव्हरनं हात बघितला. त्याचा चेहरा खुलला. त्यानं तसाच हात बाहेर काढून, तसाच पालथा पंजा हलवून टाटा केला, वर एक खास शिट्टीही दिली. मागच्या डब्यांतल्या पोरांनी टाटा केला. एका कुत्र्यालाही पंजा धरून टाटा करायला लावला. गाडी निघून गेली.

अण्णांचा हात अजून पुढंच होता.

"आपुलकीची माणसं आहेत," रमेशराव म्हणाले.

अण्णांनी तो खाली घेऊन त्याच्याकडे बघितलं. माणसानं आयुष्यात काय कमावलं, तर एक हात. आणि तो हात बघून जर्मनीतलं कुत्रं टाटा करून जातं.

मग दोघं जंगलातल्या पायवाटेनं मागं निघाले. वाट चढउताराची. रमेशराव धापा टाकत होते, पण "बसू या का" म्हणाले नाहीत. एकदा मात्र थांबून म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मी..."

"मुळं बघा," अण्णा म्हणाले. "पाय अडकेल."

क्र्योगर अजून होते. दोन माणसं झाडीतून येताना बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खालून गाडी चढत होती. ज्या आवाजासाठी ते वर्षभर थांबत, तो हाच: थंड सकाळ, ओले रूळ, आणि इंजिन न थांबता पूर्ण चढ एका दमात चढतं तो. अण्णा शहाण्या मुलासारखे बाकाशी उभे राहिले. रमेशरावांनी तर श्वाससुद्धा धरला.

धप, धप, धप करत इंजिन वळणावर आलं.

आता याला काय म्हणावं ते कळत नाही. अण्णा पुढं सांगत, की मी काही ठरवून केलं नाही. पण थांबा होता, गाडी येत होती, आणि तासाभरापूर्वीचा तो टाटा मनात डाचत होता. अण्णांचा हात वर गेला. या वेळी सरळ, ताठ, पंजा समोर, वाहतूक पोलिसासारखा.

गाडी थांबली. अशी थांबली, की ब्रेकचा चीत्कार सगळ्या जंगलात घुमला. मग वाफ सुटल्याचा आवाज, मग काहीच नाही. एक पाखरू ओरडलं.

क्र्योगरांनी गोंडा हळूहळू खाली केला.

गार्डबाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं, चढायचंय? रमेशराव म्हणाले, "गेनाऊ."

गाडी थांबवली की चढायचं, हा नियम कराडलाही आहे. अण्णा चढले. रमेशराव चढले. आणि क्र्योगरही चढले, कारण त्यांना या दोघांशी बोलायचं होतं. ते बोललेही, दोन थांबे न थांबता. शब्द कळत नव्हते, पण सूर अण्णांच्या ओळखीचा होता. सुटलेल्या एस.टी.मागं धावलेला प्रवासी कंट्रोलरच्या खिडकीशी येतो, तोच. रमेशराव मध्ये मध्ये गेनाऊ म्हणत होते, त्यानं ते आणखी भडकत होते. मग ते अण्णांकडे नीट बघून थबकले. बोट रोखून, खुणांनीच म्हणाले, तुम्हीच. दोन वर्षांपूर्वी. एक बाई.

अण्णांनी टोपी काढली. "माइनं फ्राऊ," ते म्हणाले. "टोट." आणि तिसरा शब्द ऐन वेळी आठवेना. त्यांनी गोंड्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे.

क्र्योगरांनी रोखलेलं बोट खाली घेतलं. आणि त्यांनीच तो शब्द म्हटला. "श्टिमं."

"गेनाऊ," अण्णा म्हणाले.

क्र्योगर हे रोस्टोकचे निवृत्त ट्रामचालक निघाले. शेवटच्या थांब्याजवळ एका बागेत जुन्या ट्रामचा डबा होता, चाकं काढून, खाली विटा लावून ठेवलेला, दर सप्टेंबरात ते त्यात राहायचे. ड्रायव्हरच्या जागी स्टोव्ह होता, प्रवाशांच्या बाकांवर गाद्या. त्यांनी कॉफी ठेवली. रमेशरावांनी अपूर्वाला फोन लावून तो टेबलावर मधोमध ठेवला, म्हणजे दोन्हीकडचं बोलणं तिच्याकडून फिरून येईल.

"ते म्हणतायत, ते काहीच पुसत नाहीत," अपूर्वाचा आवाज आला. "बिघडलेलंही ठेवतात."

"असतात अशी माणसं," रमेशराव पडलेल्या आवाजात म्हणाले.

क्र्योगरांनी यंत्र काढलं, शोधलं आणि हेडफोन अण्णांच्या कानांवर चढवले.

आधी पाखरं आली. मग पानं. लांबून इंजिनाची धपधप. आणि मग अगदी कानाशी:

"अहो, हा माणूस जळमटं काढायला आलाय का?"

"हळू बोल. त्याचं काहीतरी काम चाललंय."

"चालू दे. आपल्याकडचीही काढायचीत दिवाळीच्या आत. आणि ती बाथरूमची कडी. किती वर्षं सांगतेय. मी काय जन्मभर खोकत बसू?"

"बसवतो गं. गेल्यावर बसवतो."

"कोण गेल्यावर?"

मग शोभनाबाईंचं हसणं, ते अर्धं होतं तोवर इंजिनाची शिट्टी, आणि शिट्टीच्या शेवटाला क्र्योगरांचं "रूहं!"

अण्णांनी बोटानं खूण केली: पुन्हा. क्र्योगरांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. कॉफी निवली. मग अण्णांनी हेडफोन काढून रमेशरावांच्या कानांवर ठेवले. रमेशरावांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

"इंजिनाचा आवाज छान आलाय," ते म्हणाले.

क्र्योगरांना एक विचारायचं होतं. बाई काय म्हणाल्या? दोन वर्षं ते ऐकतायत आणि दोन वर्षं त्यांना शंका आहे, की ते त्यांच्याबद्दल होतं.

"काय सांगू, अण्णा?" फोनमधून अपूर्वानं विचारलं. "गाडीचं कौतुक केलं म्हणू?"

"खरं ते सांग. ती कौतुक करणारी नव्हती."

अपूर्वानं जळमटांचं सांगितलं. क्र्योगरांनी कोपऱ्यात टेकवलेल्या काठीकडे बघितलं, टोकाच्या गोंड्याकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, "गेनाऊ." तीन दिवसांत तो शब्द पहिल्यांदा नीट जागी पडला.

पण रेकॉर्डिंग द्यायचं म्हणताच ते ताठ झाले. ऐकवणं वेगळं, देणं वेगळं. डाटनशुट्स. ज्या व्यक्तीचा आवाज आहे तिची संमती लागते.

"तिची संमती हवी म्हणतायत," अपूर्वा म्हणाली. "अण्णा, मी बोलते त्यांच्याशी, थांबा."

"त्यांना सांग, तिनं कशालाच पटकन संमती दिली नाही. लग्नालासुद्धा दोनदा निरोप पाठवावा लागला."

हे जर्मनमध्ये गेलं. क्र्योगरांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं, कारण मुद्दा संमतीचा होता. मग त्यांनी स्वतः हेडफोन लावून पुन्हा एकदा ऐकलं, आणि मध्येच बोट वर केलं. हा दुसरा आवाज कुणाचा?

"माझा," अण्णा म्हणाले.

झालं. नियमाला वाट सापडली. स्वतःचा आवाज मागण्याचा अण्णांना पूर्ण हक्क होता. ते देणं क्र्योगरांचं कर्तव्यच होतं. आता त्या आवाजाच्या मागं-पुढं दुसरं कुणी बोललं असेल तर जंगलातल्या पाखरांसारखं तेही सोबत जाईल, त्याला त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी अण्णांची सहीसुद्धा घेतली.

"फोन द्या," क्र्योगरांनी हात पुढं केला. अण्णांनी खिशातून फोन काढला आणि तो रमेशरावांपुढं धरला.

रमेशराव मागं सरले. "नको, अण्णा. मी नाही हात लावत."

"तुम्हीच घ्या उतरवून. जागा भरपूर आहे त्यात," अण्णा म्हणाले. "तुम्हीच केलीय."

रमेशरावांनी फोन घेतला. काम चोख केलं. मग हा नवा निरोप त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला, अपूर्वाला पाठवला, हृषिकेशला पाठवला आणि चुकून उत्कर्षलाही पाठवला. निघताना त्यांनी ट्रामची घंटा वाजवायची परवानगी मागितली. क्र्योगर म्हणाले, दुपारी एक ते तीन शांततेची वेळ असते. दोघं तीन वाजेपर्यंत थांबले आणि मग घंटा वाजवून निघाले.

आता येनात संध्याकाळी अण्णा बाल्कनीत बसतात तेव्हा रमेशराव दार लोटून घेतात, आणि कधी कधी लोटायचं विसरल्यासारखं करतात. निरोप वाजतो. "कोण गेल्यावर?" आलं की अण्णा दर वेळी जरा थांबतात, उत्तर द्यायचं असल्यासारखे, पण तोवर शिट्टी होते. फ्राऊ लिंडनर चहाचा पाला अजून आणून देतात. व्हिसा महिनाअखेर संपतो, तिकीट काढलेलं आहे, आणि रमेशराव म्हणतायत की मीही कराडला येतो, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो. अण्णांनी अजून हो म्हटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बेटावरून परतल्यावर अण्णा कराडला गेले होते. नंतर माघात शोभनाबाई गेल्या. कडी अजून बसवलेली नाही.